आकार्यतेचे गणित आणि कोयनेचे धरण

१९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेल्या जव्हार संस्थानाच्या मुलुखात जामसर नावाचे एक खेडे आहे. भोवताली सह्याद्रीचा काळा पाषाण, त्यावर रान, आणि उतारांवर नाचणी-वरईची शेते. अशा खेड्यात टोपली विणणारा मनुष्य बांबूची कामटी वाकवून पाहतो; हात सोडताच ती सपकन पूर्वस्थितीस येते. लोहार मात्र लोखंडाची पट्टी ऐरणीवर ठेवून तिच्यावर घण घालतो. ती वाकते आणि वाकलेलीच राहते. दोघांचाही उद्योग वस्तू वाकविण्याचाच. परंतु एकाची कामटी हातातून परत फिरू पाहते, तर दुसऱ्याचे लोखंड परत फिरणार नाही या भरवशावर त्याचा सगळा धंदा उभा असतो. एका मर्यादेपलीकडे ताणलेला, दाबलेला किंवा पिळलेला पदार्थ मूळ आकारास परत येत नाही, ही गोष्ट लोहारांस हजारो वर्षे ठाऊक आहे. तिचे गणित मात्र अवघ्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतले. त्या गणिताची एक अत्यंत कठीण परीक्षा याच सह्याद्रीच्या रांगेत, जामसरहून पुष्कळ दक्षिणेस, कोयनेच्या खोऱ्यात झाली.

वस्तूवर बाहेरून जोर आला म्हणजे तिच्या अंतरंगात जो प्रतिकार उत्पन्न होतो त्यास प्रतिबल म्हणतात, आणि तिच्या आकारात जो फरक पडतो त्यास विकृती. या दोहोंचे प्रमाण सरळ असते, असा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. जोर दुप्पट, तर फरक दुप्पट. जोर काढला, की फरक नाहीसा. या गुणास स्थितिस्थापकता हे नाव आहे. हिशेब करणाराच्या दृष्टीने तिचा मोठा लाभ असा, की स्थितिस्थापक वस्तूस भूतकाळ नसतो. आज तिच्यावर किती भार आहे एवढे कळले की तिचा आजचा आकार सांगता येतो. काल तिच्यावर काय गुदरले याची चौकशी करावी लागत नाही. जोर ओसरल्यावरही फरक कायम राहू लागला म्हणजे मात्र हा सुटसुटीतपणा संपतो. त्या स्थितीस आकार्यता म्हणतात. आकार्य झालेल्या वस्तूचा आजचा आकार तिच्या सबंध पूर्वेतिहासावर अवलंबून असतो: किती जोर आला, कोणत्या दिशेने आला, कोणत्या क्रमाने आला आणि किती वेळा आला. अशा इतिहास असलेल्या वस्तूचे समीकरण मांडावयाचे कसे, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न होय.

त्या प्रश्नाला प्रयोगाने हात घालणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे पॅरिसचा आंरी त्रेस्का. १८६४ साली त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवलेल्या निबंधाचा विषयच ऐकणाराला उलटसुलट वाटावा असा होता: घन पदार्थांचे वाहणे. शिशाच्या चकत्या एकावर एक रचून तो त्यांचा गठ्ठा प्रचंड दाबाखाली एका भोकातून बाहेर ढकली. नंतर तो गठ्ठा मधोमध कापून चकत्यांच्या कडा कशा वळल्या ते पाही. शिसे मधासारखे वाहिलेले दिसे. असे प्रयोग अनेक धातूंवर करून त्याने एक साधा नियम काढला. कात्रीची पाती जशी एकमेकांवरून सरकतात तसा एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणाऱ्या जोरास कर्तन प्रतिबल म्हणतात. धातूच्या आत हे कर्तन प्रतिबल ठराविक मूल्यास पोहोचले, की धातू हार खातो व वाहू लागतो. या क्षणास पुढे पराभवबिंदू हे नाव मिळाले, आणि मराठी परिभाषेत इतके बोलके शब्द फार नाहीत. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञ-स्थपतींची नावे कोरली आहेत त्यांत त्रेस्काचेही नाव आहे.

त्रेस्काच्या निरीक्षणांना समीकरणांचे रूप देण्याचे काम साँ-व्हनाँ या वृद्ध गणित्याने १८७० साली केले. त्या वेळी त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. त्याचा तरुण सहकारी मॉरिस लेव्ही याने तीच समीकरणे तिन्ही दिशांना लागू होतील अशी वाढविली. या लेव्हीची गाठ पुढे धरणाच्या पायाशी पुन्हा पडावयाची आहे. साँ-व्हनाँ व लेव्ही यांची मुख्य कल्पना अशी: विकृती एकूण किती झाली हे न विचारता ती या क्षणी कोणत्या वेगाने व कोणत्या दिशेने वाढते आहे ते विचारावे. इतिहास एकदम लिहिता येत नाही. तो पावलापावलाने लिहावा. आजच्या संगणकातही हेच चालते.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे हा विषय जवळजवळ निद्रिस्त राहिला. १९०४ साली पोलंडच्या हुबर याने पराभवाचा एक वेगळा निकष पोलिश भाषेत मांडला, तो बाहेरच्या जगाने वाचलाच नाही. १९१३ साली रिचर्ड फॉन मिझेस याने स्वतंत्रपणे तोच निकष जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. त्रेस्काच्या नियमाची आकृती काढली तर ती षट्कोनी होते, आणि षट्कोनाचे कोपरे गणित्यास सतावतात. म्हणून मिझेसने हिशेबाच्या सोयीसाठी त्या षट्कोनाभोवती वर्तुळ काढले. गंमत अशी, की १९३१ साली टेलर व क्विनी या इंग्रज संशोधकांनी तांबे, पोलाद इत्यादींच्या नळ्या ओढून-पिळून पाहिल्या तेव्हा निसर्ग त्रेस्काच्या षट्कोनापेक्षा मिझेसच्या सोयीच्या वर्तुळाच्याच अधिक जवळ निघाला.

ही आकृती म्हणजे काय हे समजले की पुढचे पुष्कळसे उमगते. एखाद्या शेताला कुंपण असावे तसे पदार्थाच्या प्रतिबलांना कुंपण असते. गुरू कुंपणाच्या आत कोठेही फिरो, शेताचे काही बिघडत नाही. पदार्थ स्थितिस्थापक राहतो. ते कुंपणाला भिडून रेटू लागले, की कायमची विकृती सुरू होते. गुराला कुंपणापलीकडे जाता येत नाही. पण ते कुंपणच ढकलून पुढे नेऊ शकते. लोखंड थंड असता ठोकले की कठीण होते, म्हणजे त्याचे कुंपण रुंदावते. एका बाजूस ओढलेला धातू उलट बाजूस दाबला तर लवकर हार खातो. म्हणजे कुंपण एका अंगाला सरकते. ही गोष्ट म्यूनिकच्या बाउशिंगरने १८८० नंतरच्या दशकात दाखविली होती. एकंदरीत पदार्थाचा इतिहास साठवून ठेवण्याची जागा म्हणजे हे कुंपण होय. प्रांटलने १९२४ साली व रॉइसने १९३० साली या हिशेबात स्थितिस्थापक भागही जोडून घेतला, आणि १९५० साली रॉडनी हिल याचा या विषयावरील ग्रंथ ऑक्सफर्डहून निघाला तेव्हा धातूंपुरते तरी शास्त्र सुस्थिर झाले होते. धातूच्या आत प्रत्यक्ष काय सरकते याचा उलगडा १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलानी यांनी निरनिराळा केला; तो विषय स्वतंत्र आहे.

परंतु धरणे धातूची नसतात. दगड, चुना व सिमेंट यांचे एक वैगुण्य सर्व गवंड्यांस माहीत आहे: दाब ती अपार सोसतात, ताण मात्र सोसत नाहीत. म्हणून गेल्या शतकाच्याही आधीपासून धरण बांधणाऱ्यांनी एक शिस्त पाळली. भिंतीचा आकार असा ठेवावा, की तिच्या स्वतःच्या वजनाने पाण्याचा रेटा पेलला जावा आणि तिच्या कोणत्याही भागात ताण म्हणून उत्पन्नच होऊ नये. ही शिस्त कोठे अपुरी पडते ते फ्रान्समधील बूझे येथील धरणाने दाखविले. २७ एप्रिल १८९५ रोजी ते फुटले व ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी भिंतीच्या भेगेत शिरून तिला आतून वर उचलते, हे कारण नेमकेपणाने पुढे ठेवणारा आणि पाण्याकडील अंगावर पाण्याच्या दाबापेक्षा अधिक दाब सदैव राहिला पाहिजे असा नियम घालून देणारा मनुष्य म्हणजे तोच मॉरिस लेव्ही. पंचवीस वर्षांपूर्वी धातूच्या आकार्यतेची समीकरणे लिहिणाऱ्या या गृहस्थाने धरणाच्या बाबतीत मात्र आकार्यतेचे नावही काढले नाही, आणि ते योग्यच होते. भिंतीला इतिहास घडूच नये, हेच त्याच्या नियमाचे सार. भूकंपाचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

कोयनेचे धरण सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. ते गुरुत्व-धरण, म्हणजे स्वतःच्या भारावर उभे राहणारे, आणि डबर घातलेल्या काँक्रीटचे. पायापासून त्याची सर्वाधिक उंची १०३ मीटर. मध्यभागी पाणी सोडण्याचा सांडवा व दोहों बाजूंस न सांडणाऱ्या भिंतीचे खंड अशी त्याची रचना. सर्वांत उंच खंडाचा छेद पाहिला तर तळाशी रुंदी ७० मीटरांच्या वर, माथ्याशी १५ मीटरांच्या थोडी आत. आणि पायापासून ६६.५ मीटरांवर, म्हणजे माथ्याखाली ३६.५ मीटरांवर, खालच्या अंगाचा उतार एकाएकी बदलतो. तेथे भिंतीची जणू मान आहे. मानेची रुंदी सव्वाएकोणीस मीटर, व तिच्यावर बरेच जड मस्तक. स्थिर भारासाठी हा आकार निर्दोष होता. भूकंपाची तरतूद म्हणून भिंतीच्या वजनाच्या शेकडा ५ इतका आडवा जोर धरला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हेही उदारपणाचेच होते, कारण दक्षिणेचे पठार हा भूकंपरहित प्रदेश असे सर्वसामान्य मत होते.

१९६२ साली शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि खोऱ्यात लहान लहान धक्के जाणवू लागले. पाण्याच्या भाराने भूकंप घडतात काय, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. तो पुढे जगभर गाजला. १३ सप्टेंबर १९६७ रोजी बराच मोठा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मुख्य भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ मोजली गेली. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. वीज बंद पडून मुंबईचे कारखाने थंडावले. त्या पहाटे धरणाकडे पाहणाऱ्यांच्या मनात दुसरी एक भीती असणे स्वाभाविक होते. अवघ्या साडेसहा वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्याचा नदीकाठ वाहून गेला होता. येथे तर मानेच्याही वर पंचवीस मीटर पाणी उभे होते, आणि खाली पाटण, कराड व पुढचा सारा कृष्णाकाठ.

धरण उभे राहिले. परंतु ते पूर्वीचे राहिले नाही. न सांडणाऱ्या अनेक खंडांवर, पाण्याकडील अंगासही व खालच्या अंगासही, आडव्या चिरा पडल्या. त्या बहुतेक मानेच्या पातळीजवळच होत्या. काही खंडांच्या मागील अंगावर त्या सुमारास पाणी पाझरताना दिसले. सांडव्याच्या भागास मात्र गंभीर इजा झाली नाही.

याच वेळी शास्त्राच्या दृष्टीने एक अमोल गोष्ट हाती लागली. धरणाच्या एका टोकाकडील १-अ या खंडाच्या गॅलरीत जमिनीच्या हालचालीची गती टिपणारे यंत्र होते, आणि त्याने तो भूकंप पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर उतरविला. गुरुत्वाकर्षणाच्या मानाने पाहता धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ व उभ्या दिशेने ०.३४ इतका त्वरणाचा कमाल जोर होता. गृहीत धरलेले ०.०५ कोठे आणि हे ०.४९ कोठे! जुन्या पद्धतीने केवळ गुणाकार केला असता धरण उलथून पडावयास हवे होते. ते पडले नाही, यावरून जुना हिशेब वजाबाकीत चुकला नसून त्याची जातच वेगळी होती हे दिसते. भूकंपाचा जोर एकाच बाजूस रेटत राहत नाही. तो सेकंदाच्या अल्पांशात उलटतो. शिवाय धरण काही निश्चल दगड नव्हे. त्याला स्वतःचा झोका असतो. कोयनेच्या उंच खंडाचा एक झोका सुमारे तृतीयांश सेकंदाचा येतो. त्या झोक्यात माथा पायापेक्षा कितीतरी अधिक हलतो, आणि सारा मार मानेवर पडतो.

डागडुजी गणितासाठी थांबली नाही. चिरांत राळ भरण्यात आली. उंच खंडांमधून वरून खाली पोलादी दोर ओवून, ते ताणून, मस्तक धडाला आवळून टाकण्यात आले. आणि पुढच्या काही वर्षांत न सांडणाऱ्या खंडांना खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम धीरे देण्यात आले. हा निर्णय अनुभवी स्थपतींच्या अदमासाचा होता. त्यात काही कमीपणा नाही. परंतु एक प्रश्न अनुत्तरित राहिला, व तो केवळ कोयनेचा नव्हता: चीर गेलेल्या धरणात बळ किती उरले? दुसरा धक्का आला असता, तर? स्थितिस्थापकतेच्या शास्त्राजवळ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण त्याला चीर म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

१९७३ साली बर्कले विद्यापीठाचे अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी नोंदलेल्या भूकंपाखाली कोयनेच्या छेदाचा स्थितिस्थापक हिशेब प्रसिद्ध केला. त्यातून मानेच्या ठिकाणी दोन्ही अंगांस काँक्रीटच्या शक्तीबाहेरचा ताण येतो हे निर्विवाद सिद्ध झाले, आणि प्रत्यक्ष चिरा होत्या त्या तेथेच. हा मोठाच विजय. तथापि तो हिशेब चिरेच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. काँक्रीट फाटल्यानंतरही ते फाटलेच नाही असे धरून तो पुढे चालतो. साहजिकच त्यानंतरचे त्याचे आकडे धरणाचे न राहता एका काल्पनिक, कधीही न फाटणाऱ्या धरणाचे होतात.

आता येथे आकार्यतेचे गणित बोलवावे लागले, आणि धातूंवर वाढलेले ते गणित काँक्रीटपुढे प्रथम अडखळले. काँक्रीट वाहत नाही. ते कणाकणाने उसवते. त्याचे कुंपण दाबाच्या बाजूस दूर आणि ताणाच्या बाजूस अगदी जवळ असते. कोयनेच्या हिशेबात वापरण्यात येणारे आकडे पाहिले तर दाब सोसण्याची शक्ती २४.१ मेगापास्कल, ताण सोसण्याची २.९, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४५ किलोग्रॅम विरुद्ध सुमारे ३०. त्याहून विचित्र गोष्ट ही, की ताणाच्या बाजूचे कुंपण रेटल्यावर रुंदावत नाही, ते आत आत येते. धातू ठोकल्याने कठीण होतो, काँक्रीट ताणल्याने दुबळे होते. हे नुसते कुंपण हलवून दाखविता येत नाही. पदार्थाचा ताठपणाच घटला आहे असे लिहावे लागते. त्यासाठी लागणारी युक्ती रशियाच्या काचानोव्हने १९५८ साली दिली होती. पदार्थाच्या प्रत्येक बिंदूला शून्य ते एक यांमधील एक आकडा लावावा: शून्य म्हणजे धडधाकट, एक म्हणजे संपूर्ण फाटलेला. या आकड्यास क्षती म्हणता येईल. तो वाढतो, कमी कधीच होत नाही.

आणखी एक विघ्न होते, व ते ओशाळवाणे होते. संगणकात धरणाचा छेद लहान लहान चौकोनांत विभागतात. दुबळे होत जाणाऱ्या पदार्थाचा हिशेब करताना चौकोन जितके बारीक करावेत तितके धरण अधिक ठिसूळ होऊ लागले. धरणाची ताकद हिशेबनीसाच्या जाळीवर ठरावी हा काय न्याय! स्वीडनच्या हिलरबोर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली यातून वाट काढली. भेगेचा एक चौरस मीटर पृष्ठभाग नव्याने उघडण्यास काँक्रीट ठराविक ऊर्जा घेते. ती ऊर्जा हा पदार्थाचा गुण धरला, तर चौकोन लहान असो की मोठा, हिशेब तोच येतो. १९८९ साली बर्कलेचे लुब्लिनर व बार्सिलोनाचे तीन संशोधक, ओलिव्हर, ओलेर आणि ओन्याते, यांनी कुंपण, क्षती व ही ऊर्जा एकत्र गुंफून काँक्रीटसाठी एक प्रतिमान बनविले. धरणाला ते अद्याप पुरेसे नव्हते, कारण भूकंपात भेग उघडते आणि मिटते. उघडलेली भेग ताण सोसत नाही हे खरे. पण मिटल्यावर तिचे दोन ओठ एकमेकांवर टेकतात व दाब पूर्वीइतकाच सोसतात. दार उघडे असताना वारा आत येतो, मिटल्यावर भिंतीसारखे उभे राहते, तशातलाच हा प्रकार. १९९८ साली जीहो ली व ग्रेगरी फेन्व्हिस यांनी ताणाची क्षती वेगळी व दाबाची क्षती वेगळी ठेवून, भेग मिटताच ताठपणा परत देणारे समीकरण सिद्ध केले. त्याची कसोटी त्यांनी कोणत्या धरणावर घ्यावी? कोयनेच्या.

या निवडीस कारण होते. भूकंपाची पूर्ण नोंद, मोठे काँक्रीट धरण, त्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या चिरा, आणि तरीही पाणी धरून उभी असलेली भिंत, या चार गोष्टी त्या काळापर्यंत जगात क्वचितच एकत्र आल्या असतील. हिशेबातले धरण पहिले चार सेकंद बहुतांशी शाबूत असते. माथ्याची हालचाल ३० मिलिमीटरांच्या आत राहते. पायाशी, पाण्याकडच्या कोपऱ्यात, थोडी उसवण होते तेवढीच. त्यानंतर झोके वाढतात, मानेच्या खालच्या अंगास उतार बदलतो तेथे क्षती सुरू होते आणि ती आत, पाण्याकडील अंगाकडे, किंचित खाली वळत सरकते. दहा सेकंदांअखेर मान जवळजवळ कापली गेलेली असते, परंतु मस्तक तिच्यावर बसलेले असते. का बसलेले असते हेही आता दिसते. मानेवरच्या काँक्रीटचे वजन तेथे एक मेगापास्कलाच्या आतबाहेर दाब देते. ते भेगेचे ओठ प्रत्येक झोक्याला पुन्हा मिटविते. सव्वाएकोणीस मीटर रुंद बैठकीवरचे हे मस्तक एका क्षणिक धक्क्याने डुलते, पण ते कलंडण्यापूर्वीच जमीन उलट दिशेस गेलेली असते. १९६७ च्या पहाटे धरण कशाने तगले याचे गणिती स्पष्टीकरण अशा रीतीने एकतीस वर्षांनी मिळाले.

तेव्हापासून कोयनेचा हा छेद काँक्रीटच्या गणिताचा सार्वत्रिक धडा होऊन बसला आहे. जगातील एका प्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या मार्गदर्शिकेत तो नमुन्याचे उदाहरण म्हणून दिलेला आहे. ज्यांनी सातारा जिल्ह्याचे नावही ऐकले नसेल असे विद्यार्थी हे धरण सोडवून शिकतात, आणि नवे प्रतिमान काढणारा संशोधक प्रथम येथेच आपले नाणे वाजवून पाहतो. या लौकिकात एक धोकाही आहे व तो सांगितला पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांस आधीच माहीत आहे, त्याच्याशी जुळणारे आकडे निवडणे कठीण नसते. शिवाय हा छेद म्हणजे धरण नव्हे. तो एका खंडाची पातळ चकती आहे; शेजारचे खंड तिला धरून ठेवतात की ढकलतात ते तिला कळत नाही. भूकंपाचा सर्वांत मोठा जोर, लांबीच्या दिशेचा ०.६३ चा, या द्विमित हिशेबात येतच नाही. नोंद घेणारे यंत्र जमिनीवर नव्हते, ते धरणाच्याच पोटात होते. म्हणजे त्याने टिपलेली हालचाल थोडीफार धरणाचीही असणार. आणि डबर घातलेले काँक्रीट सर्वत्र एकजिनसी असते ही तर सरळ सोयीची समजूत. बूझेनंतर लेव्हीने ज्या पाण्याचा धाक घातला, ते भेगेत शिरणारे पाणीही मूळच्या सोप्या हिशेबात नसते. पुढच्या संशोधकांना ते वेगळे घालावे लागले.

कागदावरचा परिणाम त्याहून लवकर झाला होता. १९७० साली भारतीय मानक संहितेच्या भूकंप-नकाशातून ‘शून्य’ हे क्षेत्र काढून टाकण्यात आले. भूकंपाची मुळीच भीती नाही असा भारताचा कोणताही भाग त्यानंतर नकाशाने मानला नाही. कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. उत्तरेकडे, जामसर ज्या पालघर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मोठ्या धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली, तेव्हा गावकरी घराबाहेर तंबूत झोपले. त्यांच्या घरांच्या मातीच्या व विटांच्या भिंतींसाठी कोणी असे प्रतिमान बांधलेले नाही. त्या भिंतींच्या चिरा गवंडीच बोटाने चाचपून पाहतो.

कोयनेच्या मानेवरची ती चीर आता बाहेरून दिसत नाही. धीरे देऊन खालचे अंग झाकले गेले आहे. संगणकातील धरणाला मात्र कोणी धीरे दिलेले नाहीत. तेथे ते १९६७ च्या डिसेंबरातल्या अंगाने, ९१.७५ मीटर पाण्यासह उभे असते, आणि चौथ्या सेकंदानंतर मानेच्या त्याच कोपऱ्यात त्याला पहिली भेग पडते.